अपोस्टिलची फी पन्नास रुपये आहे, हे बडोद्यात कोणी सांगत का नाही?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

परदेशात शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन जाणाऱ्या मुलामुलींच्या कागदपत्रांबद्दल हे पत्र लिहितेय. आपल्या बडोद्यात आता असं मराठी घर शोधूनच काढावं लागेल ज्यातलं कोणी ना कोणी बाहेर नाही, कॅनडा म्हणा, नेदरलँड म्हणा, दुबई म्हणा, आणि प्रत्येक घरात तोच गोंधळ चालू असतो, डिग्रीवर अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, पाहिजे, जन्माच्या दाखल्यावर पाहिजे, कुठून करायचं, कोणाला विचारायचं, आणि शेवटी सयाजीगंज नाहीतर अलकापुरीत कुठल्यातरी कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन ओरिजिनल कागदांचा गठ्ठा एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन यायचा. तो सांगेल तेवढे पैसे, तो सांगेल तेवढे दिवस. मदत घ्यायला माझा काही विरोध नाही, पण आपण पैसे नेमके कशाचे देतोय हे कळून माणसानं मदत घ्यावी, आणि ते कळायची सोय सरकारी कचेऱ्यांनी करून द्यावी. आज तशी सोय जवळजवळ नाहीच आहे.

मी बँकेतून रिटायर झाले, कागद वाचायची सवय आहे, म्हणून घरच्यांची आणि मग सोसायटीतल्या ओळखीच्यांची बरीच कागदपत्रं माझ्या डोळ्याखालून गेलीत. त्यावरून सांगते की निम्म्या लोकांना मुळात अपोस्टिल काय करतं तेच माहीत नसतं. त्यांना वाटतं डिग्री खरी आहे, मार्क खरे आहेत असं दिल्लीचं सरकार लिहून देतं. तर तसं काहीच नसतं हो. 5 ऑक्टोबर 1961 ला हेग शहरात एक करार झाला, आपल्याकडे तो 14 जुलै 2005 पासून लागू झाला, आणि आता त्यात सव्वाशेच्या आसपास देश आहेत. करार एवढंच सांगतो की एका देशाच्या सरकारी कागदावर त्या देशानं ठरलेल्या नमुन्याचा शिक्का लावला की दुसऱ्या सभासद देशानं तो कागद घ्यायचा, वकिलातीच्या पायऱ्या चढायची गरज नाही. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे एक स्टिकर चिकटवतं, त्यावर नंबर असतो, तो नंबर मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकून कोणालाही तपासता येतो. त्या स्टिकरनं फक्त इतकं सिद्ध होतं की कागदावरची सही आणि शिक्का त्या अधिकाऱ्याचाच आहे. आत काय लिहिलंय त्याची जबाबदारी मंत्रालय घेत नाही.

आता हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. मंत्रालयात बसलेल्या माणसाला आपल्या शाळेच्या हेडमास्तरांची सही कशी ओळखू येणार? म्हणून मधे राज्य सरकारचा एक अधिकारी लागतो, ज्याच्या सहीचा नमुना मंत्रालयाकडे आधीपासून ठेवलेला असतो. तो आपल्या कागदावर सही करतो, मंत्रालय त्याच्या सहीवर आपला शिक्का मारतं. गुजरातच्या कागदांसाठी हे काम गांधीनगरला सचिवालयात होतं, डिग्री, मार्कशीट, एल.सी. वगैरे शिक्षण खात्याकडे, आणि जन्माचा, लग्नाचा दाखला असले घरगुती कागद गृह खात्याकडे. धंद्याचे कागद असतील, इनव्हॉइस वगैरे, तर चेंबर ऑफ कॉमर्स. पासपोर्ट ऑफिसनं दिलेलं पोलीस क्लिअरन्स मात्र केंद्र सरकारचाच कागद असल्यामुळे त्याला राज्याच्या सहीची भानगड नाही, तो सरळ पुढे जातो, पण मी असं एक बिल बघितलंय की त्यात त्याच्यासाठीसुद्धा ‘स्टेट प्रोसेस’चे पैसे लावले होते. घरच्यांनी ते मुकाट्यानं भरले, कारण विचारायचं काय तेच माहीत नव्हतं.

राज्याची सही झाली की मंत्रालय. इथे एक गोष्ट खरी की 2012 पासून मंत्रालय सामान्य माणसाकडून सरळ कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या ठराविक एजन्सीजकडेच द्यावे लागतात, त्यांची यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे. पण बाहेर बोर्ड लावून बसलेला प्रत्येक एजंट त्या यादीत असतो असं नाही, बहुतेक जण आपल्याकडून कागद घेऊन त्या यादीतल्या एजन्सीकडेच पाठवतात, म्हणजे मधे आणखी एक हात. आणि दुसरी गोष्ट, 1 जानेवारी 2019 पासून हे काम एकट्या दिल्लीत राहिलेलं नाही, देशातल्या बऱ्याच पासपोर्ट ऑफिसांमधे आणि मंत्रालयाच्या शाखांमधे सुरू झालं, त्यात आपलं अहमदाबाद आहे, मुंबई आहे. तरी अजून बडोद्यात लोक म्हणतात कागद दिल्लीला पाठवायचेत, आणि दिल्लीच्या नावावर कुरिअरचे, जाण्यायेण्याचे पैसे घेतले जातात. मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदाला पन्नास रुपये आहे, वर त्या नेमलेल्या एजन्सीचा थोडा सेवा आकार. बाकी जे काही हजार आपण देतो ते आपल्या वेळेचे, आपल्या न गेलेल्या गांधीनगरच्या फेरीचे आणि खूप मोठ्या प्रमाणात आपल्या अज्ञानाचे असतात. पहिल्या दोनांचे पैसे द्यायला माझी ना नाही, कष्ट करतो तो माणूस. तिसऱ्याचे का द्यायचे?

यातही सगळ्यात जास्त पैसे कुठे वाया जातात तर जिथे अपोस्टिल लागतच नाही तिथे. शेजारच्या मुलाला एका युनिव्हर्सिटीला फक्त सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा उतारा, पाहिजे होतं, इथल्या विद्यापीठाकडून थेट गेलेलं, आणि घरच्यांनी कोणीतरी सांगितलं म्हणून दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट अपोस्टिल करून आणल्या. जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांचं तर वेगळंच आहे, तिथे 1 नोव्हेंबर 2022 पासून स्टुडंट व्हिसाला एपीएस नावाचं सर्टिफिकेट लागतं, ते दिल्लीतली एपीएस ही जर्मन तपासणी कचेरी स्वतः कागद तपासून देते, आणि अपोस्टिलच्या बाबतीत तर जर्मनीनं भारताच्या या करारातल्या प्रवेशाला हरकतच घेतलेली होती, म्हणून तिथल्या कागदांचे नियम आधीपासूनच निराळे. उलट दुबईला जाणाऱ्याला अपोस्टिलचा स्टिकर उपयोगाचा नाही, कारण यूएई त्या करारात नाही, कतार नाही, कुवेत नाही, तिथे मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, मग तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. पण सौदी डिसेंबर 2022 पासून करारात आला, कॅनडा 11 जानेवारी 2024 ला, म्हणजे या देशांसाठी आता वकिलातीत जायची गरज संपली. आणि हे सगळ्या एजंटांना माहीत असतं, सगळ्या घरांना नसतं. म्हणून माझी आईवडिलांना कळकळीची विनंती आहे, कागद ज्यानं मागितलाय त्यालाच ई-मेल करून विचारा, अपोस्टिल पाहिजे का, कोणत्या कागदावर, किती जुना दाखला चालेल, भाषांतर पाहिजे का, आणि त्याचं उत्तर छापून फाइलला लावा. एजंटला नाही, शेजाऱ्याला नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. काही देशांमधे जन्माचा दाखला सहा महिन्यांच्या आत काढलेलाच चालतो, हे आधी कळलं नाही तर सगळी साखळी परत पहिल्यापासून करावी लागते.

आता आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांचा जो खास त्रास आहे तो सांगते, कारण त्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. आपली घरं दोन-तीन राज्यांत पसरलेली असतात. मुलगा इथला, सून सांगलीची, तिची डिग्री पुण्याची, लग्न इथे झालेलं, एखाद्याचा जन्म आजोळी इंदूरला. आणि नियम असा की कागद ज्या राज्याचा, सही त्याच राज्याची. म्हणजे सुनेची डिग्री गांधीनगरला कोणी हातात पण घेणार नाही, ती मुंबईला न्यायची, इंदूरचा जन्माचा दाखला भोपाळच्या वाटेनं, आणि लग्नाचा दाखला तेवढा गांधीनगरला. एकाच नवराबायकोच्या फाइलसाठी तीन राज्यांची दारं. अशा वेळेला जर कोणी म्हणालं की मी एजंटला दिलं तर मी त्याला शहाणाच म्हणेन, कारण घरात म्हातारी माणसं आणि मुलांच्या नोकऱ्या, कोण जाणार इतकं फिरायला. पण ज्याचे सगळे कागद गुजरातचे आहेत, हातात महिना-दीड महिना आहे आणि घरात एखादा धडधाकट रिटायर माणूस आहे, त्यानं निदान राज्याच्या सहीचं काम स्वतः करून बघावं. सकाळच्या गाडीनं निघून संध्याकाळी परत येता येतं, आणि खिडकीवरच्या माणसाशी चार शब्द बोलून जे कळतं ते बाहेर पैसे देऊनही कळत नाही. निघायच्या आधी फोन करून वेळ, लागणाऱ्या झेरॉक्स आणि नोटरीचं विचारून घ्यायचं एवढंच.

नावांचा घोळ हा तर याहून मोठा. गुजरातमधे नावाला भाई आणि बेन लावायची पद्धत, आपल्याकडे राव आणि बाई. शाळेत घालताना वडिलांचं नाव शंकरभाई लिहिलं गेलं, जन्माच्या दाखल्यावर शंकरराव आहे, आणि पासपोर्टवर नुसता शंकर. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, आपण सगळे असेच लहानाचे मोठे झालो, पण ॲमस्टरडॅमच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे तीन वेगळे बाप दिसतात आणि त्याचं काही चुकत नाही. आडनाव आधी की नंतर, इंग्रजीत एक ए की दोन ए, लग्नानंतर बदललेलं नाव, हे सगळं वर आणखी. आणि एकदा कागदावर अपोस्टिल लागलं की दुरुस्ती करून नवीन कागद काढा आणि पहिल्यापासून सगळं परत करा. त्यामुळे कुठल्याही खिडकीवर जायच्या आधी घरच्या टेबलावर सगळे कागद पासपोर्टशेजारी ठेवून एक एक अक्षर ताडून बघायला पाहिजे, आणि हे काम कुठलाही एजंट तुमच्यासाठी करत नाही, त्याला तुमच्या आजोबांचं नाव काय माहीत. मुळातला दाखला दुरुस्त होत असेल तर तो करून घ्यावा, नसेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं एफिडेविट, पण ते चालेल का हेही समोरच्या देशाला विचारूनच.

जुने जन्माचे दाखले बघितलेत का तुम्ही? हातानं लिहिलेले, गुजरातीत, शाई पसरलेली, आणि कित्येकांवर बाळाचं नावच नाही, नुसतं पुत्र किंवा पुत्री. तेव्हा बारशाच्या आधी नोंद व्हायची आणि नंतर कोणी परत जायचं नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर घालायची सोय आहे, खंडेराव मार्केटमधल्या महानगरपालिकेत अर्ज करून ते होतं, आणि आता गुजरातचे नवे दाखले क्यूआर कोडसकट निघतात, तर जुना हस्तलिखित दाखला पुढे पाठवायच्या भानगडीत न पडता नवा काढून घ्यावा हे बरं. ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांनी हे आजच करून ठेवावं, व्हिसाची तारीख आल्यावर नाही. आणि कृपा करून डिग्री लॅमिनेट करू नका. किती प्रेमानं केलेलं असतं ते मला माहीत आहे, पण शिक्का आणि स्टिकर कागदाच्या पाठीवर लागतो, प्लास्टिकवर नाही, आणि लॅमिनेशन काढताना कागद फाटला की विद्यापीठातून डुप्लिकेट काढण्यात पुढचे कितीतरी दिवस जातात. भाषांतराचंही तसंच, ज्या देशाला आपल्या भाषेत भाषांतर लागतं तो बहुतेक वेळा अपोस्टिलच्या स्टिकरचंसुद्धा भाषांतर मागतो, म्हणून भाषांतर शेवटी.

एजंटकडे द्यायचंच ठरलं तर निदान काही गोष्टींवर अडून बसा. दिलेल्या प्रत्येक ओरिजिनलचा नंबर लिहिलेली सहीची पावती घ्या, नुसतं ‘डॉक्युमेंट्स मिळाले’ असली चिठ्ठी नको. घरून निघायच्या आधी दोन्ही बाजूंचे स्कॅन करून ठेवा. बिलात सरकारी फी वेगळी आणि त्याची मजुरी वेगळी लिहून मागा, चांगला माणूस ते आनंदानं लिहून देतो, आणि असे चांगले लोक आहेत, मी स्वतः त्यांना ओळखते, सगळ्यांना एका माळेत ओवायचं माझ्या मनात नाही. जो म्हणतो ‘बेन, तुम्ही टेन्शन नका घेऊ, दोन दिवसांत सगळं करून देतो, राज्याच्या सहीची गरज नाही’ त्याच्यापासून लांब राहा, कारण मधली सही खोटी असेल तर पकडला जातो तो परदेशात बसलेला आपला मुलगा, आणि त्याचा व्हिसा जातो. कागद परत आल्यावर स्टिकरचा नंबर वेबसाइटवर टाकून बघायला काही पैसे लागत नाहीत, तेवढं केल्याशिवाय राहिलेले पैसे देऊ नका.

हे झालं घरच्यांनी करायचं, पण सगळं ओझं घरच्यांवर टाकून कसं चालेल. माझी सरकारकडे मागणी साधी आहे. मंत्रालयाला फक्त अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना लागतो ना, मग बडोद्याच्या कलेक्टर कचेरीत एका अधिकाऱ्याला हा अधिकार देऊन त्याच्या सहीचा नमुना मंत्रालयाला पाठवायला काय अडचण आहे? रोज नको, आठवड्यातला एक दिवस ठरवून द्या. इतकी मोठी युनिव्हर्सिटी या गावात आहे, 1949 पासून, देशभरातून मुलं इथे शिकायला येतात आणि इथून जगभर जातात, त्यांच्या एका सहीसाठी गांधीनगरला कशाला जायचं? आणि ते होईपर्यंत निदान एक बोर्ड लावा, महानगरपालिकेत जिथे जन्माचे दाखले मिळतात तिथे, आणि विद्यापीठात जिथे डिग्री मिळते तिथे, गुजराती, हिंदी आणि मराठीत, की हा कागद परदेशी न्यायचा असेल तर पुढे कुठे जायचं आणि सरकारी फी किती. एका बोर्डाचा खर्च तो काय. केंद्राची ई-सनद नावाची ऑनलाइन सोय 2017 ला सीबीएसईच्या कागदांपासून सुरू झाली, त्यात बोर्डानं किंवा विद्यापीठानं आपलं रेकॉर्ड चढवलेलं असलं की ओरिजिनल कागद हातातून द्यावाच लागत नाही, अर्ज करा, तिकडूनच तपासणी होते. मग आपल्या बोर्डांनी, विद्यापीठांनी जुन्या वर्षांचं रेकॉर्डसुद्धा त्यावर पूर्ण आणायला हवं, कारण नोकरीसाठी जाणारा माणूस चाळिशीचा असतो, त्याची डिग्री वीस वर्षांपूर्वीची असते आणि त्यालाच सगळ्यात जास्त फिरावं लागतं.

आपल्या इथल्या मराठी संस्थांनाही सांगावंसं वाटतं. गणपतीत आपण दहा दिवस कार्यक्रम करतो, दिवाळीत पहाट करतो, चांगलंच आहे, पण महिन्यातून एक संध्याकाळ दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात एखाद्या हॉलमधे टेबल मांडून बसायला काय हरकत आहे? शाळेतून, बँकेतून, कोर्टातून, महानगरपालिकेतून रिटायर झालेली कितीतरी माणसं आपल्यात आहेत ज्यांना कागद वाचता येतो. लोकांनी आपली फाइल घेऊन यावं, नावं ताडून बघावीत, कोणता कागद कुठल्या राज्यात जाईल ते लिहून न्यावं, आणि मग ठरवावं स्वतः करायचं की कोणाला द्यायचं. विशेष करून ज्या बायका एकट्या आहेत, मुलं बाहेर, नवरा नाही, त्यांना फोनवर मुलगा सांगतो आई एवढं करून पाठव, आणि त्या बिचाऱ्या कोणाला विचारायचं म्हणून घाबरून जातात, मी असे फोन घेतलेत. त्यांच्याकडून जास्त पैसे घेतले जातात हे मला सहन होत नाही, म्हणूनच हे पत्र.

शेवटी आपल्या पेपरला विनंती. ऍडमिशनच्या दिवसांत दर आठवड्याला एक छोटी चौकट छापा, कोणता देश करारात आला, कुठल्या कागदाला राज्याच्या कोणत्या खात्याची सही, फी किती, आणि मंत्रालयाच्या यादीत सध्या कोणत्या एजन्सीज आहेत. फी आणि यादी बदलत असते, तेव्हा छापायच्या आधी दर वेळी वेबसाइटवरून ताजी करून घ्यावी लागेल. ते काम मी करून द्यायला तयार आहे, मजकूर मराठीत टाइप करून देईन, पत्ता आणि फोन पत्रासोबत वेगळा दिलाय, तो छापू नये.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा